ट्रंक्सचा विग जांभळा की निळा? शनिवारच्या आत सांगा

बोरकूट:
भाच्याला 'ड्रॅगन बॉल' या जपानी कार्टूनमधला ट्रंक्स व्हायचंय. मी हौसेने जांभळा विग आणला, तर कार्ट्याने बघताक्षणी भोकाड पसरलं, "मावशी, केस निळे असतात!" मी शाळेत असताना टीव्हीवर पाहिलेला ट्रंक्स जांभळाच होता, मला पक्कं आठवतंय. खरं कोणाचं? फापटपसारा नको, फक्त रंग सांगा.

खोडरबर:
कुठला ट्रंक्स? छोटा की भविष्यातून येतो तो? जुन्या 'ड्रॅगन बॉल झेड' मालिकेतला की नंतरच्या 'ड्रॅगन बॉल सुपर'मधला?

बोरकूट:
ट्रंक्स म्हणजे ट्रंक्स हो! तलवारवाला.

टिपकागद:
निळाच. आई बुल्मा निळ्या केसांची, बाप व्हेजिटा काळ्या. पोरगा जांभळा कुठून होणार?

अर्धाकप:
तुमची बुल्मा टीव्हीवरची. मूळ लेखक-चित्रकार तोरियामांच्या मांगात (म्हणजे जपानी चित्रकथेत) रंगीत पानांवर बुल्माचे केस जांभळेच आहेत, पोरगा आईवर गेलाय. १९८६ ला टीव्हीवर ॲनिमे, म्हणजे कार्टून मालिका आली तेव्हा आईला निळसर-हिरवं केलं, पुढे झेडमध्ये पोराला मात्र जांभळाच ठेवलं. मूळ ते मूळ.

टिपकागद:
कसलं मूळ? बहुतेक पानं काळी-पांढरी. ताकद वाढून पात्रं 'सुपर सायन' होतात तेव्हा केस सोनेरी का, तर कागदावर ते कोरे सोडता येतात! काळी शाई भरण्यात सहायकाचा वेळ जायचा तो वाचला, हे तोरियामांनीच सांगितलंय. अशा माणसाच्या रंगावरून काय भांडायचं?

अर्धाकप:
म्हणूनच म्हणतो, जिथे रंग भरला तिथे मनापासून भरला.

जुनी_रद्दी:
अवांतर: आमचा वेताळ (फँटम) आठवला. त्याचा पोशाख अमेरिकेत जांभळा, इटलीत लाल, स्कँडिनेव्हियात निळा. इंद्रजाल कॉमिक्स वाचताना आम्ही कधी असं रडलो नाही.

कढीपत्ता:
विगने डोकं खाजतं. धुऊन जाणारा स्प्रे मिळतो, तो मारा. आणि मुलाचे केस ब्लीच अजिबात करू नका.

बोरकूट:
कढीपत्ता ताई, ब्लीचचं कोण बोललं? विग आणून झालाय, दुकानदार परत घेत नाही. रंग सांगा ना कुणीतरी!

खोडरबर:
अहो, म्हणून तर विचारतोय. २०१६ मध्ये सुपरमध्ये भविष्यातला ट्रंक्स परत आला तेव्हा त्याला निळे केस दिले. त्याच मालिकेत छोटा ट्रंक्स जांभळाच राहिला. दोघं समोरासमोर येतात, माणूस एकच आणि केसांचे रंग दोन! तुम्ही झेड पाहिलंत, भाच्याने सुपर, एवढाच घोळ. बाकीचा पोशाख कसा आहे?

बोरकूट:
निळं आखूड जाकीट, बाहीवर ते गोल चिन्ह, पाठीवर तलवार. आणि लाल मफलर. मफलर मी स्वतः विणलाय, दोन रात्री जागून.

खोडरबर:
मग संपलं! मफलर सुपरमधला. झेडमधल्या ट्रंक्सच्या गळ्यात काही नसतं. मफलर काढलात तर तुमचा जांभळा विग चालेल.

टिपकागद:
म्हणजे निळाच. मी पहिल्यापासून तेच सांगतोय.

अर्धाकप:
तुम्ही आई-बापाचं सांगत होतात, मफलरचं नाही.

बोरकूट:
दोन रात्रींचा मफलर काढायचा? शक्य नाही. निळा विग शनिवारपर्यंत कुठे मिळेल? आणि जांभळा कुणाला हवाय का? एकदाही घातलेला नाही.