मदत हवी आहे: दुकानातून 'बॉल पायथन' म्हणून आणलेला साप नेमका कोणता? (तातडीचं)

नमस्कार मंडळी. घाईत लिहितोय, चुकभूल समजून घ्या. सापांबद्दल ज्यांना खरंच माहिती आहे त्यांनी कृपया आजच उत्तर द्यावं.

आम्ही यवतमाळ जिल्ह्यात, दारव्ह्याकडच्या एका खेड्यात राहतो. घरी कापूस, तूर आणि थोडं सोयाबीन. लहान भाऊ नागपूरला बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. दिवाळीला तो घरी आला तेव्हा बॅगेत कपड्यांच्या मधोमध एक पारदर्शक प्लास्टिकची पेटी होती. झाकणाला तापलेल्या सुईनं पाडलेली छिद्रं, तळाशी चार बोटं नारळाचा भुसा, कोपऱ्यात पाण्याची वाटी. आणि भुशातून अर्धा बाहेर आलेला एक साप. वीत-सव्वा वीत लांब, माझ्या अंगठ्याएवढा जाड, पाठीवर गडद तपकिरी ठिपके.

नागपूरच्या एका पेट शॉपमधून त्यानं तो 6500 रुपयांना घेतला. मेसच्या पैशातून साठवून. पावती मी पाहिली. त्यावर फक्त "बेबी बी.पी., 1 नग" एवढंच. बी.पी. म्हणजे बॉल पायथन. शास्त्रीय नाव नाही, कुठून आणला ते नाही, नोंदणीचा कागद नाही.

भाऊ म्हणतो, "दादा, काही नाही करत तो. अजगराचा आफ्रिकेतला भाऊ हाये. विषच नाही त्याले." बारा दिवस झाले, रोज हातावर घेतो, गळ्यात सोडतो. आईनं पहिल्याच दिवशी पेटीत डोकावून सांगितलं, "अरे बाप्पा, हे तं परड हाये. कोनं आनलं घरात?" आमच्याकडे घोणसीला परड म्हणतात. त्यावर भाऊ: "आई, तुले का समजते? दुकानवाला काय खोटं बोलते का?"

आई शाळेत गेलेली नाही, पण चाळीस वर्षं निंदण आणि वेचणी केलेली बाई आहे. तिनं साप पुस्तकात नाही, पायाशी पाहिलेत. म्हणून मी तिचं बोलणं उडवून लावू शकलो नाही. दोन रात्री बसून बॉल पायथनबद्दल मिळेल ते वाचलं आणि मोबाईलचा टॉर्च लावून पेटीच्या बाहेरून साप पाहिला. झाकण उघडलं नाही.

बॉल पायथन हा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला साप, घाबरला की स्वतःचा चेंडू करतो, म्हणून ते नाव. त्याचे खवले गुळगुळीत, तुकतुकीत असतात आणि वरच्या ओठावर उष्णता ओळखणाऱ्या खळग्या दिसतात. मान बारीक आणि डोकं वेगळं उठून दिसतं. आमच्या पेटीतल्या सापाच्या ओठावर मला एकही खळगी दिसली नाही. आणि खवले! शेपटीकडच्या प्रत्येक खवल्यावर मधोमध एक उभी रेघ उठलेली आहे, गव्हाच्या दाण्यावर असते तशी, फक्त आत गेलेली नाही, वर आलेली. टॉर्च तिरपा धरला की ती रेघ सावली टाकते. हे बॉल पायथनचं नाही, एवढं आता मला पक्कं वाटतं.

मग उरतात दोन. एक परड, दुसरा डुरक्या घोणस. दोघांच्या अंगावर रेघेचे खवले, दोघंही जाड, आखूड, ठिपक्यांचे. डुरक्या बिनविषारी, मांडुळाच्या जवळचा. परड म्हणजे काय ते आमच्या घराला सांगायला नको. चार वर्षांपूर्वी मोठ्या वहिनीला सोयाबीन सोंगताना चावली. यवतमाळच्या सरकारी मेडिकलमध्ये डॉक्टरांनी तिचं रक्त काचेच्या नळीत घेऊन टेबलावर तसंच उभं ठेवलं. वीस मिनिटांनी नळी तिरपी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नव्हतं. नंतर किडनीवर आलं आणि डायलिसिस करावं लागलं. ती वाचली, पण ती नळी माझ्या डोळ्यांसमोरून अजून जात नाही. आता तसाच जीव माझ्या भावाच्या गळ्यात असेल, तर?

भाऊ म्हणतो, परड असती तर बारा दिवसांत चावली असती. मला हे पटत नाही, पण त्याला काय उत्तर द्यावं कळत नाही.

तर मला हे हवंय. पेटी न उघडता परड आणि डुरक्यामधला फरक खात्रीनं कसा ओळखायचा? डोक्याचा त्रिकोण पाहा, डोळ्यातली बाहुली उभी आहे का पाहा, असं नेटवर लिहिलेलं असतं, त्यावर कितपत जायचं? आणि वनविभागाला फोन केला तर भावावर गुन्हा नोंदवतील का? त्याचं शिक्षण चालू आहे. दुसरीकडे वाटतं, भीतीपोटी गप्प बसलो आणि उद्या काही झालं तर मी स्वतःला काय सांगू?

आई म्हणते, नाल्याकडे सोडून द्या. तेही मन घेत नाही. वेचणीला बाया त्याच बाजूनं जातात.

फोटो जोडले आहेत. प्लास्टिकमधून काढलेले, धूसर आहेत, माफ करा.

---

त्याच रात्री, प्रतिसाद वाचून:

इतक्या लवकर इतक्या जणांनी लिहिलं, खूप आभार. दोघातिघांनी फोटो पाहून "डुरक्याच आहे, बिनधास्त राहा" म्हटलं, पण ज्या एका सर्पमित्रांनी लिहिलं की "या धूसर फोटोवरून मी नाव सांगणार नाही, ओळख पटेपर्यंत परड समजूनच वागा", त्यांचं मला जास्त पटलं. त्यांनी समजावलं की उभी बाहुली अजगरालाही असते, डुरक्यालाही आणि परडीलाही, त्यामुळे त्यावरून काहीच ठरत नाही. त्रिकोणी डोक्याचंही तेच. मण्यारीचं डोकं त्रिकोणी नसतं आणि बाहुली गोल असते, म्हणून ती कमी विषारी थोडीच.

त्यांनी विचारलं, साप खाताना पाहिला का? परड दंश करून सोडते आणि वाट पाहते, डुरक्या विळखा घालतो. भावाला विचारलं. त्यानं उंदराचं डोळेही न उघडलेलं पिल्लू दिलं होतं, सापानं ते सरळ गिळलं. एवढ्याशा पिल्लाला विळखा घालायची गरजच नसते म्हणे, त्यामुळे तिथूनही काही कळलं नाही.

बारा दिवस चावली नाही याचंही उत्तर मिळालं: परड सुस्त पडून राहते, दरवेळी चावतेच असं नाही, आणि पिल्लू जन्मल्यापासूनच विषारी असतं. भावाला हे प्रतिसाद वाचायला दिले. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग उठून स्वतःच पेटीवर दुसरी दोरी बांधली.

कायद्याबद्दलही कळलं. आपल्याकडचा कुठलाही रानातला साप विकणं, विकत घेणं, घरात ठेवणं हे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 मध्ये गुन्ह्यात येतं. परदेशी साप खरा असता तरी मोकळीक नव्हती. त्या कायद्यातली 2022 ची दुरुस्ती 1 एप्रिल 2023 पासून लागू झाली आणि बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण असलेल्या प्राण्यांची केंद्र सरकारच्या 'परिवेश' या पोर्टलवर नोंद करावी लागते. म्हणजे त्या पावतीला दोन्हीकडून काही अर्थ नव्हता. हे भावाला माहीत नव्हतं आणि दुकानानं सांगितलंही नाही.

पेटी गोठ्याशेजारच्या खोलीत ठेवून बाहेरून कडी लावली आहे. सकाळी वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर फोन करणार.

---

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी:

सकाळी 1926 ला फोन केला. दुपारी वनरक्षक आणि त्यांच्यासोबत एक अनुभवी सर्पमित्र आले. भाऊ हात बांधून उभा होता, मीही तसाच.

सर्पमित्रांनी पेटी अंगणात मातीवर ठेवली, सगळ्यांना मागे व्हायला सांगितलं आणि लांब आकड्यानं झाकण सरकवलं. मिनिटभर नुसतं पाहिलं. मग म्हणाले, "डुरक्या आहे." आईनं पदरानं तोंड पुसलं.

त्यांनी मला जवळ बोलावून दाखवलं. डोकं आणि मान जवळपास सारख्याच रुंदीची, मान वेगळी कळतच नाही. डोळे बारीक. शेपूट अगदी आखूड, लगेच निमुळतं होत गेलेलं. पाठीवरचे डाग एकमेकांत मिसळून वेडीवाकडी पट्टी झालेली. परडीचं डोकं मानेपेक्षा चांगलंच रुंद असतं, नाकपुड्या मोठ्या, आणि पाठीवर काळ्या कडेचे गोल-लांबट ठिपके तीन ओळींत, साखळीच्या कड्यांसारखे. ते म्हणाले, लहान पिल्लात हे सगळं घाईघाईत पाहिलं तर कुणीही फसतो, आणि शेतात लोक परडीच्या पिल्लाला अजगराचं समजून हातात घेतात ते याचमुळे. त्यात आपल्या भाषेत बिनविषारी सापाच्या नावातच 'घोणस' आहे, त्यानं गोंधळ वाढतो.

एक गोष्ट मात्र जीवाला लागली. मानेजवळ खवल्याच्या कडेला दोन गोचिडी चिकटलेल्या होत्या, ज्वारीच्या कणीएवढ्या. सर्पमित्र म्हणाले, पेटीत जन्मलेल्या सापावर अशा गोचिडी नसतात, हा रानातून धरलेला आहे. म्हणजे कुणाच्यातरी धुऱ्यावरून उचलून नेला, नागपूरला पोचवला, आफ्रिकेचं नाव लावलं, आणि साडेसहा हजार देऊन माझा भाऊ तो परत आमच्याच रानाच्या काठाला घेऊन आला. उचलणाऱ्याच्या हाताला त्या दिवशी डुरक्या लागला. उद्या परडीचं पिल्लू लागलं तर पावतीवर तेच लिहिलं जाईल.

पंचनामा झाला. भावाचा जबाब घेतला, पावती त्यांनी ठेवून घेतली. आपण होऊन कळवलं याची नोंद करतो म्हणाले, पुढचं वरिष्ठ ठरवतील. भीती आहे, पण काल होती तशी नाही. साप तपासणीसाठी नेला. तो कुठे सोडायचा, सोडायचा की नाही, हेही तेच पाहतील. नाल्यावर सोडला नाही हे बरं केलं, असं वनरक्षक म्हणाले. पेटीत राहिलेल्या सापाकडून रोग रानातल्या सापांना जाऊ शकतो.

आता पुन्हा मदत मागतोय, आणि ही पहिलीपेक्षा अवघड आहे. भावाच्या होस्टेलवरच्या एका मित्रानं त्याच दुकानातून, त्याच आठवड्यात, अशीच एक पेटी घेतली आहे. पावती तशीच, "बेबी बी.पी." भावानं आज त्याला तीनदा फोन केला. तो म्हणतो, "तुझा गावठी निघाला, माझा ओरिजिनल आहे." फोटो मागितला तर देत नाही, पकडून नेतील म्हणून घाबरतो. रात्री पेटी पलंगाखाली ठेवतो.

नागपुरात असं कुणी आहे का, जो त्याच्याशी वर्दीशिवाय, शांतपणे बोलू शकेल? सेमिनरी हिल्सच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटरमध्ये (रानातल्या प्राण्यांवर उपचार करतात तिथे) थेट पेटी नेऊन दिली तर चालते का, की आधी वनविभागाला कळवावं लागतं? ज्यांनी हे केलं आहे त्यांनी सांगा. भाऊ उद्या सकाळच्या एसटीनं नागपूरला निघतोय, तोवर उत्तर मिळालं तर त्याच्या हातात काहीतरी देता येईल.