अमेरिकन फुटबॉलमधल्या डेट्रॉइट लायन्सनं गिब्ज आणि माँटगमरी या दोन रनिंग बॅकमध्ये (चेंडू घेऊन पळणारे गडी) कॅरी (चेंडू घेऊन पळायच्या संधी) वाटल्या, ते बरोबर होतं का?

होनोलुलू_निळा
2024 च्या सीझनचे आकडे बघा. जामिर गिब्ज : 250 कॅरी, 1,412 यार्ड, सरासरी 5.6. डेव्हिड माँटगमरी : 185 कॅरी, 775 यार्ड, सरासरी 4.2. दर कॅरीला जवळपास दीड यार्ड जादा काढणारा गडी बाकावर आणि चेंडू दुसऱ्याच्या हातात, यात कसलं शहाणपण? डिसेंबरात बिल्सविरुद्ध माँटगमरीचा गुडघा गेला आणि सगळा भार गिब्जवर आला. शेवटच्या मॅचला व्हायकिंग्जविरुद्ध 23 कॅरी, 139 यार्ड, एक झेल धरून चार टचडाऊन (चेंडू गोल लाईनपलीकडे नेणं). मग प्लेऑफला (सीझननंतरच्या बाद फेरीला) माँटगमरी परतला, आणि वॉशिंग्टनविरुद्ध गिब्जला मिळाल्या फक्त 14. त्यातही त्यानं 105 यार्ड काढले. 15 विजय, 2 पराभव घेऊन आलेली टीम 45-31 हरून घरी. ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) बाराव्या नंबरला रनिंग बॅक उचलायचा आणि मग त्याला जपून वापरायचा, हे मला पटत नाही.

बी_गॅप
त्या मॅचला पाच वेळा चेंडू गमावला आणि टीम मागे पडली. मागे पडल्यावर पळायचं कमी होतं, पास वाढतात. त्याचं खापर वाटणीवर नको.

आता तुमचा दीड यार्ड. समजा माँटगमरीच्या 60 कॅरी काढून गिब्जला दिल्या, आणि त्यानं आपली सरासरी जशीच्या तशी राखली. वर्षाला 88 यार्ड जादा. 17 मॅचना भागा : मॅचला पाच यार्ड. भांडायला फार थोडे आहेत हे. शिवाय माँटगमरीच्या कॅरी कुठल्या होत्या? तिसरा डाऊन (दहा यार्डांसाठीच्या चार प्रयत्नांतला तिसरा) आणि एक यार्ड बाकी, गोल लाईनवर दोन यार्ड. तिथं दोन यार्ड काढले की काम फत्ते, पण सरासरी खाली येते. 12 टचडाऊन उगाच नाहीत.

होनोलुलू_निळा
तुमच्या गणितात सगळ्या कॅरी सारख्या. गिब्जचं तसं नाही. आठ-नऊ वेळा तीन-चार यार्ड आणि मग एकदा थेट पन्नास. तो एक निघायला संधी जास्त हव्यात.

बी_गॅप
ते पन्नास 5.6 मध्ये आधीच मोजलेत हो. दोनदा कसे मोजणार?

मेश_पॉइंट
दोघंही आकड्यांत अडकलात. वाटणी खेळाच्या अंगानं बघा.

बदल ड्राइव्हप्रमाणे (चेंडू आपल्याकडे असतानाच्या सलग चाली) करायचा, डाऊनप्रमाणे नाही. ड्राइव्हच्या मध्येच माणूस बदलला की नियमाप्रमाणे अंपायर डिफेन्सलाही आपली माणसं बदलायला वेळ देतो. म्हणजे त्यांचा दमलेला नोज टॅकल (पुढच्या फळीतला मधला बचावपटू) बाहेर आणि ताजा आत. हडल (दर चालीआधीचा घोळका) न करता भराभर खेळायचा फायदा तिथंच संपतो. एक ड्राइव्ह पूर्ण याची, पुढची त्याची, हे चांगलं. (अपवाद : चाळीस यार्ड पळून जो स्वतःच हेल्मेटवर हात मारून बाहेर येतो तो.)

दुसरं, प्ले (ठरलेल्या चाली) वाटू नका. माँटगमरी आला की काउंटर, गिब्ज आला की आउटसाइड झोन (कडेनं पळायची चाल), असं ठरलं की डिफेन्सला दोन-तीन ड्राइव्हमध्ये वास लागतो आणि सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) स्नॅपआधीच (चेंडू खेळात येण्याआधीच) पुढे सरकतो. दोघांनाही दोन्ही प्ले द्यायलाच हव्यात, जरी एकाला एक जमत नसला तरी. काउंटरमध्ये दोन ब्लॉकर पलीकडच्या बाजूनं ओढून आणतात. बॅकनं आधी उलट दिशेला एक पाऊल टाकून थांबायचं असतं. वेगवान बॅक तिथं हमखास घाई करतो, त्या ब्लॉकरमधल्या गार्डच्या आधी भोकाशी पोचतो आणि त्याच्याच पाठीवर आदळतो. आउटसाइड झोनमध्ये उलटं : जड बॅक कडेला उशिरा पोचतो, तोवर लाईनबॅकर (दुसऱ्या फळीतला बचावपटू) आडवा येऊन भोक बुजवतो. हे सरावात सुटतं, मॅचमध्ये नाही.

तिसरा_डाऊन
दमछाकीचं कोणीच काढलं नाही. डेमार्को मरी 2014 मध्ये डॅलससाठी 392 कॅरी, 1,845 यार्ड. पुढच्या वर्षी ईगल्सकडे 193 कॅरी, 702 यार्ड. डेरिक हेन्री 2020 मध्ये 378 कॅरी. 2021 मध्ये आठ मॅचमध्ये 219, आणि पाय मोडला.

होनोलुलू_निळा
सोयीची उदाहरणं. तोच हेन्री 2024 मध्ये तिशीत रेव्हन्ससाठी 325 कॅरीत 1,921 यार्ड काढतो. सक्वॉन बार्कली त्याच वर्षी 345 कॅरी, वर प्लेऑफच्या 91, आणि सुपर बोल जिंकतो. शिवाय ज्याला 390 कॅरी मिळतात, तो त्या वर्षी आयुष्यातला सर्वोत्तम खेळ करत असतो. पुढचं वर्ष उतरतं असणारच, दमछाक असो वा नसो.

तिसरा_डाऊन
शेवटचा मुद्दा मान्य. पण बार्कलीवरचा भार पुरे झाला, म्हणूनच नियमित सीझनच्या शेवटच्या मॅचला बसवलं ना? एका सीझनमधल्या सर्वाधिक यार्डांचा विक्रम एका मॅचवर असताना.

मेश_पॉइंट
आणि ब्लॉकिंग विसरू नका. प्ले-ॲक्शनमध्ये चेंडू दिल्याचं सोंग करून बॅकनं लगेच नजर आतून बाहेर फिरवायची : आधी मधला लाईनबॅकर, मग कडेचा. मधून येणाऱ्याला सगळ्यात जवळचा रस्ता असतो, म्हणून तो आधी. गुडघे वाकवून, हात त्याच्या छातीवर आतल्या बाजूनं. एकदा चुकलं की पास फेकणारा आपला क्वार्टरबॅक गॉफ जमिनीवर. 224 पौंडांचा माँटगमरी आणि 200 पौंडांचा गिब्ज, 240 पौंडांचा लाईनबॅकर पळत येताना कोण उभा हवा? मॅचला अशा चार-सहा वेळा येतात, आणि त्या स्टॅट शीटवर कुठंच दिसत नाहीत. फँटसीवाल्यांना (खेळाडूंच्या आकड्यांवर पॉइंट मोजायचा खेळ खेळणाऱ्यांना) तर त्याचा एक पॉइंटही नाही.

होनोलुलू_निळा
मग ब्लॉकिंगपुरता ठेवा माँटगमरीला.

बी_गॅप
मेश_पॉइंट यांनी वर लिहिलंय तेच होईल : तो आला म्हणजे पास, हे सगळ्या स्टेडियमला कळेल. आणि त्या वर्षी माँटगमरीनं 36 झेल घेऊन 341 यार्ड काढलेत, तेही धरा. त्याचा 2023 चा तीन वर्षांचा करार 1 कोटी 80 लाख डॉलरचा. बार्कलीला तेवढ्याच वर्षांचे जवळपास 3 कोटी 78 लाख. गिब्जला तुम्ही 20 कॅरी द्या, माझी हरकत नाही. फक्त दुसऱ्या हाफमध्ये, दहा पॉइंटनं पुढे असताना, घड्याळ पळवायच्या त्या शेवटच्या दहा कॅरी कोणाच्या, ते आधी सांगा.