मदत हवी आहे : वरातीतला गोळीबार थांबवायचा कसा?

मंडळी, आम्ही ग्वाल्हेरचे, चार पिढ्या लष्कर भागात. इकडे लग्नात हवेत बंदुका झाडायची हौस फार, 'हर्ष फायरिंग' म्हणतात. परवा समोरच्या कार्यालयात वरात आली आणि बार उडाले. सकाळी आई गच्चीवर कुरडया घालायला गेली, ती हातात शिशाचा चेपलेला तुकडा घेऊनच खाली आली. टाकीच्या झाकणाला भोक! आदल्या संध्याकाळी पुतणी तिथेच अभ्यासाला बसली होती.

कायदा वाचलाय. २०१९ च्या दुरुस्तीनंतर शस्त्र अधिनियमाच्या कलम २५(९) खाली, लोकांच्या जिवाला धोका होईल असा गोळीबार लग्नात केला तरी २ वर्षांपर्यंत कैद, १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. परवाना असला तरी सुटका नाही. पण नवरदेवाचे काका आमच्याच गल्लीतले. रोज तोंड बघायचंय.

मला वाटतं, कार्यालयवाल्यानं बुकिंगलाच 'शस्त्र आणणार नाही' असं लिहून घ्यावं आणि बार निघाला की बँडनं वाजवणं थांबवावं. (बँड थांबला की नाचणारेच बंदूकवाल्यावर ओरडतात, एकदा पाहिलंय.) कुणी असं करून पाहिलंय का? हमीपत्राचा मसुदा असेल तर पाठवा. शिवाय परवाना रद्द करण्याचा अर्ज थेट कलेक्टर कचेरीत द्यावा की ठाण्यात? तो शिशाचा तुकडा मी डबीत ठेवलाय, झाकणही बदललेलं नाही. पुढची वरात ११ तारखेला आहे.