चारही अव्वल मानांकित संघ उपांत्य फेरीत: तुमचे भाकीत काय?

अर्धमैदान (१ एप्रिल २०२५)

अमेरिकी महाविद्यालयीन बास्केटबॉलच्या पुरुषांच्या स्पर्धेत या वर्षी ऑबर्न, ड्यूक, ह्यूस्टन आणि फ्लोरिडा हे चारही अव्वल मानांकित संघ सॅन अँटोनियोच्या उपांत्य फेरीत पोहोचले आहेत. स्पर्धेच्या चार विभागांत संघांना पहिले ते सोळावे असे मानांकन मिळते, म्हणून अव्वल मानांकित संघ चार असतात. १९७९ मध्ये मानांकनाची पद्धत सुरू झाल्यापासून असे याआधी फक्त एकदाच, २००८ मध्ये, घडले होते. २०१८ साली सोळाव्या मानांकनाच्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीने व्हर्जिनियाला वीस गुणांनी धूळ चारली आणि २०२२ साली पंधराव्या मानांकनाचे सेंट पीटर्स अंतिम आठांत गेले, तेव्हापासून मी ही स्पर्धा अशा लहान संघांसाठीच पाहत आलो आहे. त्यामुळे यंदाचा मार्च मला काहीसा अळणी वाटला. शेवटच्या सोळांत उरलेले सगळे संघ चार बड्या परिषदांचेच (महाविद्यालयांच्या साखळी गटांचेच) होते. त्यांतला सर्वांत खालच्या मानांकनाचा म्हणजे दहावा संघ आर्कान्सा, आणि जॉन कॅलिपारींसारखे नावाजलेले गृहस्थ ज्या संघाचे प्रशिक्षक आहेत त्याला लिंबूटिंबू म्हणणे कठीणच आहे.

माझे भाकीत असे आहे. शनिवारी फ्लोरिडा ऑबर्नला हरवेल, कारण सामना अडला की चेंडू कोणाच्या हाती द्यायचा, याविषयी फ्लोरिडाच्या मनात शंका नसते. तो वॉल्टर क्लेटनकडेच जातो. ह्यूस्टन ड्यूकला हरवेल, कारण अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांच्या बळावर उभा असलेला संघ तेवीस-चोवीस वर्षांच्या मुरलेल्या खेळाडूंपुढे शेवटच्या पाच मिनिटांत दबतो, असे मला वाटते. अंतिम सामन्यात दोन्ही संघ सत्तरीच्या आत राहतील आणि ह्यूस्टन आपले पहिले विजेतेपद मिळवेल.

दोन प्रश्न आहेत. या भाकितात आपले मतभेद नेमके कुठे आहेत? आणि लहान संघांची ही पीछेहाट कायमची मानायची का?

सावध प्रेक्षक (२ एप्रिल)

आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुतेक जण एका वाक्यात देऊन मोकळे होतात: पैसा आणि बदल्या. त्यात तथ्य आहेच. जुलै २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर आणि प्रतिमेवर पैसे मिळवण्याची मुभा मिळाली, त्याच वर्षी एकदा महाविद्यालय बदलल्यास वर्षभर बाहेर बसण्याची अट गेली आणि २०२४ मध्ये कितीही वेळा बदलण्याची वाट खुली झाली. फ्लोरिडाचेच पाहा: क्लेटन आयोनाहून आला, विल रिचर्ड बेलमाँटहून आणि अलाइजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून. ऑबर्नचा आधारस्तंभ जॉनाय ब्रूम मोरहेड स्टेटचा. पूर्वी हीच मुले चौथ्या वर्षापर्यंत लहान महाविद्यालयात राहून मार्चमध्ये एखाद्या बड्या संघाला घरी पाठवत असत. आता बडे संघच त्यांना आधी आपल्याकडे घेऊन जातात.

तरीही ‘कायमची पीछेहाट’ म्हणायला मी तयार नाही. २०२३ मध्ये यांतले पहिले दोन बदल लागू असतानाच उपांत्य फेरीत पहिल्या तीन मानांकनांपैकी एकही संघ नव्हता, आणि नववे मानांकन असलेल्या फ्लोरिडा अटलांटिककडून त्या वर्षी हाच मार्टिन खेळत होता. २०२४ मध्ये अकराव्या मानांकनाचे नॉर्थ कॅरोलिना स्टेट शेवटच्या चारांत होते. यंदाही चारही अव्वल संघ काही रमतगमत आलेले नाहीत. फ्लोरिडाने कनेटिकटला ७७-७५ असे कसेबसे हरवले आणि पुढे टेक्सास टेकविरुद्ध शेवटची तीनेक मिनिटे उरली असताना तो संघ नऊ गुणांनी मागे होता. ह्यूस्टनने पर्ड्यूला ६२-६० असे नमवले, तेव्हा मिलोश उझानची निर्णायक बास्केट पडल्यावर घड्याळात एक सेकंदही उरला नव्हता. यांतला एखादा चेंडू कडेला लागून बाहेर पडला असता, तर आपण आज नेमका उलट प्रश्न विचारत असतो.

भाकिताबाबत एवढेच, की अंतिम सामना आपण म्हणता तोच होईल. विजेता मात्र फ्लोरिडा.

निळा झेंडा (३ एप्रिल)

अर्धमैदान, वयाचा मुद्दा दरवर्षी येतो आणि तो नेहमी ड्यूकविरुद्धच वापरला जातो. कूपर फ्लॅग अठरा वर्षांचा आहे हे खरे, पण अ‍ॅरिझोनाविरुद्ध त्याने ३० गुण केले, तेव्हा समोरच्यांचे वय कोणी विचारले नाही. पुढच्याच सामन्यात ड्यूकने अलाबामाला ८५-६५ असे नमवले. मधल्या जागेवर सात फूट दोन इंचांचा खमान मलुआच उभा असताना ह्यूस्टनच्या तुलनेने बुटक्या खेळाडूंना रिंगजवळ गुण मिळवणे जड जाईल. आकडेवारीतज्ज्ञ केन पोमेरॉय यांच्या क्रमवारीतही आज ड्यूक पहिला आहे. ह्यूस्टनने सामना कितीही संथ केला, तरी ड्यूक आठ गुणांनी जिंकेल.

ह्यूस्टनकर (४ एप्रिल)

मी नोकरीनिमित्त गेली अनेक वर्षे याच शहरात राहतो, तेव्हा माझे मत निःपक्षपाती समजू नये. ‘पहिले विजेतेपद’ वगैरे शब्द आताच उच्चारून कृपया दृष्ट लावू नका. १९८३ आणि १९८४ अशी लागोपाठ दोन वर्षे हकीम ओलाजुवॉनसारखा खेळाडू असूनही आमचा संघ अंतिम सामन्यात हरला. १९८३ मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेटच्या लोरेन्झो चार्ल्सने शेवटच्या क्षणी चेंडू हवेतच पकडून रिंगमध्ये घातला, तो ५४-५२ चा गुणफलक इथल्या जुन्या मंडळींना अजून सलतो.

निळा झेंडा यांनी उंचीचा मुद्दा काढला आहे, म्हणून आमचे प्रशिक्षक केल्विन सॅम्पसन यांच्या सरावातली एक गोष्ट सांगतो. ते रिंगवर एक पारदर्शक झाकण बसवतात, त्यामुळे टाकलेला प्रत्येक चेंडू बाहेरच उडतो आणि त्यासाठी खेळाडूंना एकमेकांना रेटत झगडावे लागते. दिवसेंदिवस हेच करत राहिलेला, सहा फूट आठ इंचांचा जवॉन रॉबर्ट्स उंच माणसाला पाठीने अडवून चेंडू खालीच पडू देतो. उडी मारण्याची वेळच येऊ देत नाही. शनिवारी मलुआचला किती रिबाउंड (नेम चुकून रिंगवरून परत आलेले चेंडू) मिळतात, ते आपण मोजूया.

निळा झेंडा (६ एप्रिल)

ह्यूस्टन ७०, ड्यूक ६७. दुसऱ्या सत्रात चौदा गुणांची आघाडी होती आणि शेवटची पस्तीस सेकंद उरली असतानाही आम्ही सहा गुणांनी पुढे होतो. ह्यूस्टनकर, मलुआचला सामन्यात एकही रिबाउंड मिळाला नाही, हे मी मोजून पाहिले आहे.

मात्र पराभवाचे खापर फ्लॅगच्या वयावर फोडले जाऊ नये. त्याने २७ गुण केले. ह्यूस्टनच्या इमॅन्युएल शार्पची तीन गुणांची बास्केट, आम्ही लगेच गमावलेला चेंडू, त्यांच्याच जोसेफ टग्लरचा डंक (उडी मारून चेंडू वरून रिंगमध्ये कोंबणे), आणि त्यानंतर आमच्या टायरीस प्रॉक्टरचा हुकलेला फ्री थ्रो (फाउलनंतर कोणीही न अडवता टाकायला मिळणारा चेंडू). पहिला फ्री थ्रो साधला तरच दुसरा मिळतो असा तो प्रसंग होता, त्यामुळे एका चुकीत दोन संधी गेल्या. प्रॉक्टर तिसऱ्या वर्षाचा खेळाडू आहे, म्हणजे नवखा मुळीच नाही. रिबाउंडसाठी फ्लॅग रॉबर्ट्सच्या पाठीवर गेल्याबद्दल दिलेला फाउल इतक्या मोक्याच्या वेळी द्यायला नको होता, असे मला अजूनही वाटते. पण रॉबर्ट्सने दोन्ही फ्री थ्रो शांतपणे साधले, हे मान्य करायलाच हवे.

अर्धमैदान (६ एप्रिल)

फाउल योग्यच होता. रॉबर्ट्सने जागा आधी घेतली होती, आणि ह्यूस्टनकरांनी वर्णन केलेला डाव तो हाच. माझ्या दृष्टीने सामना त्याच्याही बराच आधी फिरला होता, कारण शेवटच्या सुमारे साडेदहा मिनिटांत ड्यूकला फ्री थ्रोखेरीज एकच बास्केट करता आली. हा केवळ दैवाचा भाग म्हणता येणार नाही. दुसरीकडे मध्यंतराला आठ गुणांनी मागे असलेल्या फ्लोरिडाने ऑबर्नला ७९-७३ असे हरवले आणि त्यांत क्लेटनचे ३४ गुण होते. सोमवारी त्याला कोण अडवणार, एवढाच प्रश्न उरतो.

ह्यूस्टनकर (८ एप्रिल)

आम्ही त्याला अडवले होते. पहिल्या सत्रात क्लेटनचा एकही गुण नव्हता, दुसऱ्या सत्रात आम्ही ४२-३० असे पुढे होतो, आणि तरीही ६५-६३ असे हरलो. पुन्हा दोनच गुणांनी.

शेवटचा क्षण मी अनेकदा पाहिला. शार्प तीन गुणांच्या रेषेबाहेरून चेंडू टाकायला हवेत गेला, तेवढ्यात क्लेटन धावत त्याच्या अंगावर आला. चेंडू अडवला जाणार हे दिसताच शार्पने तो हातातून खाली सोडला. आता त्याने स्वतःच तो पुन्हा उचलला असता, तर चाल मोडल्याचा नियमभंग झाला असता, म्हणून तो नुसता पाहत उभा राहिला. फ्लोरिडाचा अ‍ॅलेक्स कॉन्डन त्यावर झेपावला आणि वेळ संपली. ज्या संघाला मोकळ्या चेंडूवर तुटून पडायला शिकवले आहे, त्याच्यावर असा प्रसंग यावा, हे पचवायला वेळ लागेल. एकोणसत्तर वर्षांच्या सॅम्पसन यांच्यासाठी मला अधिक वाईट वाटले.

अर्धमैदान (८ एप्रिल)

पुण्यात सकाळी सव्वासहानंतर सामना सुरू झाला आणि मी कार्यालयात उशिरा पोहोचलो, याचे मला दुःख नाही. ह्यूस्टनने शेवटच्या मिनिटात चेंडू रिंगकडे टाकलाच नाही, हा त्यांच्या बचावाचा नव्हे तर आक्रमणाचा दोष आहे. बरोबरी साधायला दोन गुण पुरेसे असताना तीन गुणांचा हट्ट कशासाठी? माझा दुसरा आक्षेप पुरस्काराविषयी आहे. अंतिम सामन्यात रिचर्डचे १८ गुण होते आणि पहिल्या सत्रात त्यानेच फ्लोरिडाला तगवले. तरी सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला अकरा गुणांचा क्लेटन.

सावध प्रेक्षक (८ एप्रिल)

तो पुरस्कार एकट्या अंतिम सामन्याचा मानत नाहीत, उपांत्य सामन्याचाही विचार त्यात होतो. ऑबर्नविरुद्धचे ३४ गुण, दुसऱ्या सत्रातले हे अकरा आणि शार्पला चेंडू सोडायला लावणारी ती धाव, एवढे पाहता निवड चुकली असे मला वाटत नाही. रिचर्ड नसता तर फ्लोरिडा मध्यंतरालाच दूर मागे पडला असता, हे आपले म्हणणे मात्र मी मान्य करतो.