मदत हवी आहे: घरामागून बेल्टलाइन जाणार, ट्रेल नक्की दिसतोय पण ट्रेनचं काय धरून चालायचं? (अटलांटा)

पायवाट

नमस्कार मंडळी. पोस्ट लांबलीय, सांभाळून घ्या.

आम्ही अटलांटाच्या आग्नेय भागात राहतो, अगदी शहरात (हो, अल्फारेटा, कमिंग अशी बाहेरची उपनगरं नाहीत, आणि हे सांगितलं की मराठी मंडळींचा पहिला प्रश्न "तिकडे का?" हाच असतो, त्याचं उत्तर या धाग्यात देत नाहीये). टाउनहाऊस आहे, बॅकयार्डच्या कुंपणापलीकडे पूर्वी मालगाडीची लाईन होती. शहराने २०१८ मध्ये सीएसएक्स या रेल्वे कंपनीकडून हा साडेचार मैलांचा पट्टा विकत घेतला, मग रूळ उचलले, आणि आता तिथे बेल्टलाइनच्या दक्षिणेकडच्या ट्रेलचं काम आमच्यापर्यंत येऊन पोचतंय.

बाहेरच्यांसाठी थोडक्यात. अटलांटाच्या मध्यभागाला वेढा घालणाऱ्या जुन्या मालगाड्यांच्या लाईनी जोडून २२ मैलांचं एक रिंगण करायचं, ही बेल्टलाइन. रायन ग्रॅव्हेल नावाच्या जॉर्जिया टेकच्या विद्यार्थ्याने १९९९ मध्ये आपल्या थीसिसमध्ये ती मांडली आणि तेव्हा मूळ मुद्दा ट्रेनचाच होता. लोकांनी उचलून धरली, २००५ मध्ये शहराने त्यासाठी टॅक्सची वेगळी व्यवस्था केली. चालायचा ट्रेल तुकड्यातुकड्याने झाला, होतोय. ट्रेन मात्र त्या रिंगणावर अजून एक मैलसुद्धा धावलेली नाही.

आता माझा प्रॉब्लेम. घर घेताना एजंटने जो नकाशा दाखवला त्यात ट्रेलच्या शेजारून तुटक रेघ होती आणि आमच्या गल्लीजवळ एक गोल टिंब, "हे बघा, स्टेशन, चालत जाल". आमच्यासाठी ही गंमत नव्हती, कारण आई-बाबा वर्षाआड सहा महिने येतात, दोघंही इथे गाडी चालवत नाहीत, आणि अमेरिकेत गाडी न चालवणाऱ्या माणसाचे सहा महिने कसे जातात ते इथे बऱ्याच जणांना माहीत असेलच, आम्ही ऑफिसातून येईपर्यंत खिडकी आणि टीव्ही. बाबा पुण्यात रोज पीएमटीने हिंडणारे, त्यांना कोणी सोडायला लागणं हाच मुळात अपमान वाटतो. त्यामुळे ट्रेल झाला तर फिरणं होईल हे खरं, पण कुठेतरी *जाणं* ट्रेननेच होणार.

नवऱ्याचं म्हणणं, थांबू, ट्रेल झाला की भाव वाढेल, ट्रेन आली की अजून वाढेल. माझं म्हणणं की भाव वाढला म्हणजे टॅक्सही वाढणार, मागून दिवसभर लोक जाणार, समोर लोक गाड्या लावणार, आणि ट्रेन आलीच नाही तर आपण नेमकं कशासाठी थांबलो? तिसरा पर्याय म्हणजे हे भाड्याने देऊन मार्टाच्या (इथली मेट्रो-बस सेवा) स्टेशनजवळ दुसरं बघायचं. ज्यांनी हे आधी बघितलंय त्यांनी प्लीज सांगा, काम चालू असताना काय काय होतं, प्रायव्हसीचं काय करता, आणि ट्रेनबद्दल खरंच काय समजायचं. एनपीयूच्या (वस्तीच्या नागरिक समितीच्या) मीटिंगला जायचं ठरवलंय पण तिथे काय विचारायचं हेच कळत नाहीये.

रिकामटेकडा

अल्फारेटाला या. :) ट्रेन इथेही नाही पण निदान कोणी येणार म्हणून सांगत नाही.

जुनाकट्टा

वरच्यांकडे दुर्लक्ष करा. आम्ही पूर्वेकडच्या ट्रेलजवळ आहोत, तो २०१२ मध्ये उघडला त्याच्या आधीपासून, तेव्हा आमच्या मागे झुडपं आणि फेकलेले टायर होते.

प्रायव्हसीचा बाऊ सगळे करतात, आम्हीही करायचो, पण खरं सांगू का, चालणारा माणूस तुमच्या स्वयंपाकघरात बघत नाही, तो फोनमध्ये तरी बघतो नाहीतर समोरच्या कुत्र्याकडे. त्रास असतो तो वेगळाच. ट्रेलवर चढायची वाट कुठे आहे ते आधी बघा. रॅम्प तुमच्याच गल्लीच्या टोकाला आला तर शनिवार-रविवार तुमच्या दारात परक्या गाड्या लागणार, आणि तोच रॅम्प दोन गल्ल्या पलीकडे गेला तर तुम्हाला ट्रेल आहे हे फक्त पक्षी उडाले की कळेल. आमच्याकडे रेसिडेन्ट परमिट पार्किंग यायला शेजाऱ्यांना बरीच खटपट करावी लागली, ती सुरुवातीलाच करा. आणि पॉन्स सिटी मार्केटच्या आसपास जी गर्दी बघता ती सगळीकडे होत नाही, तिथे दुकानं-खाणं आहे म्हणून माणसं तुंबतात, तुमच्या बाजूला नुसती घरं असतील तर लोक येतील आणि पुढे जातील.

आई-बाबांसाठी मात्र एक सावधगिरी. इलेक्ट्रिक स्कूटर आणि सायकली मागून "ऑन युअर लेफ्ट" (म्हणजे डावीकडून पुढे जातोय) ओरडत येतात आणि आपली वडीलधारी मंडळी नेमकी त्याच वेळी डावीकडे सरकतात. सासूबाईंना आम्ही पहिल्याच दिवशी सांगून ठेवलं, उजवी कड धरायची आणि हाक आली की हलायचंच नाही. सकाळी लवकर गेलं तर ट्रेल त्यांचाच असतो. बाकड्यावर बसून चार ओळखी होतात, त्यांच्या झाल्या, भाषेचं फारसं अडलं नाही.

स्लीपर_आणि_रूळ

मी याच लाईनमध्ये काम करतो (बेल्टलाइनवर नाही, दुसऱ्या राज्यात), म्हणून जरा कोरडं लिहितो.

ट्रेल आणि ट्रेन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, वेगळा पैसा, वेगळी माणसं, वेगळं वेळापत्रक, नकाशावर फक्त शेजारी काढल्यात. ट्रेल बेल्टलाइनची संस्था बांधते. ट्रेन हे मार्टाचं काम, त्यासाठी २०१६ मध्ये मतदारांनी अर्धा टक्का जादा सेल्स टॅक्स मंजूर केला, २०२३ मध्ये डाउनटाउनची स्ट्रीटकार (ट्राम) पूर्वेकडच्या ट्रेलपर्यंत वाढवायच्या डिझाइनचं काम पुढे सरकलं, आणि २०२५ मध्ये महापौर आंद्रे डिकन्स यांनी त्या विस्ताराचा पाठिंबा काढून घेतला, म्हणाले आधी दक्षिणेकडे बघू. त्याआधी २०२४ मध्ये त्यांनी मार्टाच्या आत्ताच्या लाईनवर चार नवी स्टेशनं जाहीर केली होती, तीही बेल्टलाइन जिथे मार्टाला भेटते तिथली. "दक्षिणेकडे आधी" हे ऐकून तुमच्या नवऱ्याला आनंद होईल, पण नीट बघा, जिथे डिझाइन इतकं पुढे गेलं होतं तिथलं थांबलं. दक्षिणेकडे अभ्यास, डिझाइन, पैसे, पर्यावरणाची परवानगी, सगळं पुढेच आहे. आई-बाबांच्या पुढच्या चार-पाच खेपांचा हिशोब करताना त्यात ट्रेन धरू नका. आली तर वरकमाई.

आता तुमच्या कुंपणाचं. ट्रेलचं काँक्रीट साधारण १४ फूट रुंद असतं आणि बाजूला जागा मोकळी सोडतात, ती ट्रेनसाठी. ती मोकळी पट्टी तुमच्या बाजूला आहे की पलीकडे, हा मीटिंगमधला तुमचा पहिला प्रश्न. तुमच्या बाजूला असेल तर आज हिरवळ आणि उद्या कदाचित रूळ. पलीकडे असेल तर आजच माणसं कुंपणाला लागून चालणार. दोन्हीत आवडनिवड असते, आधी माहीत असलेलं बरं.

दुसरं, तुमची हद्द कुठे संपते ते कागदावर बघा. जुन्या रेल्वेच्या जागा रुंद असतात आणि वर्षानुवर्षं कोणी फिरकत नाही म्हणून लोकांची कुंपणं, शेड, भाजीचे वाफे हळूहळू आत सरकलेले असतात, मागच्या मालकाने काय केलंय तुम्हाला ठाऊक नसतं. घराचा प्लॅट (हद्दीचा नकाशा) काढा, शंका असेल तर सर्व्हेयर बोलवा. मशीन आल्यावर कळण्यापेक्षा स्वस्त पडतं.

तिसरं पाणी. ट्रेल तुमच्यापेक्षा वर असेल तर पावसाचं पाणी कुठे काढतायत ते विचारा, ड्रेनेजचं ड्रॉइंग मागा. आणि माती दाबायचे रोलर यायच्या आत घराच्या पायाचे, बेसमेंटच्या भिंतींचे, ड्राइव्हवेचे तारखेसकट फोटो काढून ठेवा, जुनी भेग कुठली आणि नवी कुठली हा वाद नंतर कोणीच जिंकत नाही.

दिव्याचे खांब कुठे आहेत तेही बघा, बेडरूमसमोर येत असेल तर झाकण असलेला दिवा मागता येतो, काम सुरू व्हायच्या आत.

पायवाट

बापरे, हे सगळं मला एका ठिकाणी कुठेच मिळालं नव्हतं, मनापासून धन्यवाद. कुंपणाचं वाचून लगेच मागे जाऊन आले, शेजारच्या आजींची शेड नक्की पलीकडे गेलेली वाटतेय, आता त्यांना कसं सांगायचं देव जाणे. पन्नासेक वर्षं त्याच घरात आहेत त्या. टॅक्सची चिंता त्यांना माझ्यापेक्षा जास्त आहे, दर वेळी भेटल्या की तेच. त्याबद्दल कोणाला माहिती आहे का? आणि भाड्याने द्यायचा पर्याय अजून डोक्यात आहेच.

@रिकामटेकडा, तुमच्याकडे भाजी आणायलासुद्धा गाडी काढावी लागते. बाबा दोन दिवसांत तिकीट बदलतील.

हिशेबनीस

टॅक्सवर मी लिहितो, दरवर्षी भांडतो म्हणून पाठ झालंय.

जॉर्जियात घराच्या बाजारभावाच्या ४० टक्के रकमेवर टॅक्स लागतो. काउंटीकडून असेसमेंटची (घराची किंमत ठरवल्याची) नोटीस आली की तिच्यावरच्या तारखेपासून ४५ दिवसांत अपील करता येतं, त्यानंतर ओरडून उपयोग नाही. लोक ते पाकीट "हे बिल नाही" असं छापलेलं बघून बाजूला टाकतात, तेच नडतं. अपील करताना शेजारची खरी विक्री दाखवा, आणि ट्रेलचं काम चालू असताना धूळ, बंद रस्ता, मागे खणलेलं याचे फोटो लावा, "ट्रेलजवळ" म्हणून भाव वाढवतात ना, मग सध्या तिथे ट्रेल नाही खड्डा आहे हे दिसू दे.

होमस्टेड एक्झेम्प्शन (स्वतः राहत्या घरावरची टॅक्स सवलत) घेतलंय ना? नसेल तर १ एप्रिलच्या आत अर्ज. आणि इथेच तुमचा भाड्याचा पर्याय अडतो, स्वतः राहत नसाल तर होमस्टेड जातं आणि त्याबरोबर वाढीवरचं संरक्षणही, म्हणजे भाव चढायच्या नेमक्या वर्षांत तुम्ही पूर्ण टॅक्स भरणार. ते गणित मांडूनच भाड्याचा विचार करा. एचओएचे (घरमालकांच्या सोसायटीचे) नियमही बघा, काही ठिकाणी भाड्याने द्यायच्या घरांची संख्या बांधलेली असते.

कोणी सांगेल की बेल्टलाइनसाठी २०२१ मध्ये जादा टॅक्स लागला. लागला, पण तो दुकानं-ऑफिसं आणि अपार्टमेंट इमारतींवर, तुमच्या राहत्या घरावर नाही.

शेजारच्या आजींसाठी मात्र आजच बघा. जुन्या रहिवाशांसाठी लेगसी रेसिडेन्ट रिटेन्शन नावाची योजना आहे, त्यात उत्पन्नाच्या आणि मालकीच्या अटीत बसणाऱ्यांच्या प्रॉपर्टी टॅक्समधली वाढ २०३० पर्यंत भरून देतात. ठरावीक वस्त्यांनाच आहे, पण दक्षिणेकडच्या बऱ्याच त्यात आहेत. अर्ज ऑनलाइन, म्हणजे आजींना तो कोणीतरी भरून द्यावा लागणार. या बाबतीत बेल्टलाइनवर टीका खूप झालीय, स्वतः ग्रॅव्हेल २०१६ मध्ये परवडणाऱ्या घरांच्या मुद्द्यावरूनच तिथल्या बोर्डातून बाहेर पडले. योजना त्यामानाने उशिरा आली, पण आहे तर घ्या.

जुनाकट्टा

एनपीयूबद्दल राहिलं. शहराचे असे २५ भाग आहेत, ए ते झेड, मधला यू तेवढा नाही. मीटिंग महिन्याला असते, मत सल्ल्यापुरतंच असतं पण बेल्टलाइनची माणसं येतात आणि नंतर दारात उभी राहून बोलतात, खरी उत्तरं तिथे मिळतात. एकट्या जाऊ नका. गल्लीतले चार-पाच जण एकच प्रश्न घेऊन गेलात तर तो मिनिट्समध्ये उतरतो.

पायवाट

ठरलं मग. भाड्याचा विषय बंद, नवऱ्यालाही हिशेबनीसांची पोस्ट वाचायला दिली, "वरकमाई" शब्दावर जरा रुसलाय. ट्रेन येणार नाही असंच धरून आई-बाबांसाठी बसचे रूट बघायला घेतलेत, एक बस गल्लीच्या तोंडावरून थेट मार्टा स्टेशनला जाते हे इतकी वर्षं मला माहीतच नव्हतं, बाबांना तेवढं पुरे आहे. आजींचा अर्ज शनिवारी बसून भरतोय, शेडचं त्यानंतर काढेन. मीटिंगसाठी दोन प्रश्न नक्की केलेत, मोकळी पट्टी कुठल्या बाजूला आणि रॅम्प कुठे. ड्रेनेजचं ड्रॉइंग मिळालं तर @स्लीपर_आणि_रूळ, इथे टाकलं तर बघाल का? मला त्यातलं काही कळणार नाही.

स्लीपर_आणि_रूळ

टाका. पातळीचे आकडे दिसतील असं, तिरका मोबाइल फोटो नको.