हिब्रू संदेष्टे वाचायचेत, सुरुवात कुठून करू?

दुपारचा_चहा:
नमस्कार मंडळी. आमचा सात-आठ जणांचा वाचनगट आहे, दर महिन्याला एक विषय. या खेपेला माझ्या वाट्याला आलाय: भ्रष्ट झालेल्या राष्ट्राचा ईश्वर न्याय करतो, ही कल्पना हिब्रू संदेष्ट्यांकडे (देवाचा निरोप लोकांना सांगणाऱ्यांकडे) कशी येते. उत्साहानं यशया (बायबलच्या जुन्या करारातलं याच नावाच्या संदेष्ट्याचं पुस्तक) उघडला. पहिला अध्याय झकास. तेराव्यात बाबेल (बॅबिलोन), पंधराव्यात मवाब, सतराव्यात दिमिष्क (दमास्कस)... कोण कुणावर का चिडलंय तेच कळेना. मिटून ठेवला.

तीन आठवडे हातात आहेत. कोणता संदेष्टा आधी घेऊ? मराठी भाषांतर कोणतं? आणि एक गोष्ट खटकते: खाल्लं राजानं नि दरबाऱ्यांनी, मग शिक्षा अख्ख्या गावाला का? गटात हे कुणीतरी विचारणारच. मी श्रद्धाळू नाही, उपदेश नको; पण टवाळीही नको.

ओळंबा:
आमोस. डोळे मिटून आमोस. नऊच अध्याय, एका बैठकीत होतात.

हा तकोवाचा, म्हणजे दक्षिणेकडच्या यहूदाचा मेंढपाळ. बोलायला जातो उत्तरेच्या इस्राएल या वेगळ्या राज्यात, साधारण इ.स.पू. ७६०च्या सुमारास. तिथे दुसऱ्या यराबामाचं राज्य, सीमा वाढलेल्या, पैसा खेळतोय. पहिले दोन अध्याय मोठ्यानं वाचा. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब: एकेका शेजाऱ्याचे अपराध आणि त्याची शिक्षा. ऐकणारे माना डोलावत असणार, यांना असंच पाहिजे म्हणून. मग यहूदा. आणि मग खुद्द इस्राएल! यशयात तुम्ही ज्या परराष्ट्रांच्या यादीत अडकलात, ती इथे दोन पानांत आटोपते आणि कशासाठी असते तेही कळतं.

आरोप काय आहेत ते बघा. देवळात गर्दी आहे, यज्ञ चालू आहेत, गाणीही आहेत. आणि गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकतायत. आठव्या अध्यायात व्यापारी शब्बाथ (आठवड्याचा पवित्र विसाव्याचा दिवस) कधी संपतोय याची वाट बघतात, म्हणजे दुकान उघडून माप लहान, वजन जड, काटा मारायला मोकळे. गव्हाचं भुसकटसुद्धा विकू म्हणतात. आपल्याकडे याला 'मापात पाप' म्हणतात, आमोसासाठी त्या दोन शब्दांत सगळं आलं.

माझं टोपणनाव सातव्या अध्यायातलं. परमेश्वर ओळंबा घेऊन भिंतीपाशी उभा आहे. मूळ हिब्रू शब्दाच्या अर्थावर पंडितांचा वाद आहे, पण मी गवंड्याचा मुलगा, मला ओळंबाच हवा. भिंत ओळंब्यात नसली की वडील चढवलेले थर उतरवायला लावायचे, मजूर कितीही दमलेले असोत.

सुपारी_कात्रण:
आमोसला हरकत नाही, पण यिर्मयाचा सातवा अध्याय सोडू नका. यरुशलेमच्या मंदिराच्या दारात उभा राहून सांगतो की 'परमेश्वराचं मंदिर, परमेश्वराचं मंदिर' हा जप तुम्हाला वाचवणार नाही. मग लगेच सव्विसावा वाचा. त्या भाषणावरून त्याला ठार मारायला निघालेत, तेवढ्यात काही वडीलधारे उठून म्हणतात, हिज्कीया राजाच्या काळात मीखा संदेष्टाही हेच बोलला होता, राजानं त्याला मारलं नाही. शंभरेक वर्षांपूर्वीचं भाषण कोर्टात दाखला म्हणून आलं! (त्याच अध्यायात उरीया नावाच्या दुसऱ्या संदेष्ट्याला मात्र मिसरातून (इजिप्तमधून) पकडून आणून मारलंय.)

अश्दोदकर:
मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, आजोळ अलिबागकडचं, आता इकडे इस्राएलात. आमच्याकडे तिशा बेआव हा मंदिर पडल्याच्या शोकाचा उपास. त्याच्या आधीच्या शब्बाथला सिनेगॉगमध्ये यशयाचा पहिला अध्याय वाचतात. देव तिथे यरुशलेमच्या अधिकाऱ्यांना चक्क 'सदोमचे अधिपती' म्हणतो (सदोम म्हणजे पापामुळे देवानं नष्ट केलेलं शहर). रुप्याचा गाळ झाला, द्राक्षारसात पाणी पडलं, प्रत्येकाला लाच गोड लागते. लहानपणी ठाण्यात ऐकताना काही कळायचं नाही.

पाचव्या अध्यायातलं द्राक्षमळ्याचं गाणंही घ्या. शेवटी कोटी आहे, भाषांतरात हरवते. देवानं 'मिश्पात' म्हणजे न्यायाची वाट पाहिली, हाती आला 'मिस्पाख', रक्तपात. 'त्सदाका' म्हणजे नीतीची वाट पाहिली, ऐकू आली 'त्सआका', किंकाळी. एकेका अक्षराचा फरक. हे गटात हिब्रूतून म्हणून दाखवा, मी उच्चार रेकॉर्ड करून पाठवतो.

दुपारचा_चहा:
अश्दोदकर, नक्की पाठवा! आमोस आज दुपारीच वाचला. 'बाशानच्या गाई' म्हणजे राजधानी शोमरोनच्या बायका? बाप रे. आणि हस्तिदंती पलंग खरंच होते का?

ओळंबा:
पलंग कुणी पाहिले नाहीत, पण शोमरोनच्या उत्खननात कोरीव हस्तिदंताचे शेकडो तुकडे सापडलेत. बरेचसे १९३०च्या दशकात. ते शहर इ.स.पू. ७२२ला अश्शूरच्या (असिरियाच्या) हाती गेलं.

सुपारी_कात्रण:
अख्ख्या गावाला शिक्षा का, हे राहिलंच. गुळगुळीत उत्तर मिळणार नाही, कारण पुस्तकांतच भांडण आहे. आमोस सातमध्ये टोळधाड दिसते, आमोस म्हणतो याकोब (म्हणजे इस्राएल) लहान आहे, तगेल कसा? देव माघार घेतो. मग आग, पुन्हा विनवणी, पुन्हा माघार. ओळंब्याच्या वेळी मात्र आमोस गप्प. हबक्कूक तर उलट देवालाच जाब विचारतो: आमच्याहून वाईट असलेल्या खास्द्यांना (बाबेलवाल्यांना) आमच्यावर सोडतोस? आणि यहेज्केल १८ जुनी म्हण मोडीत काढतो. आंबट द्राक्षं बापानं खाल्ली आणि दात मुलांचे आंबले, असं इथून पुढे म्हणायचं नाही. ज्याचं पाप त्याच्यापाशी. हे तिन्ही शेजारी ठेवा, चर्चा आपोआप पेटेल.

भाषांतराचं म्हणाल तर बायबल सोसायटीचं 'पवित्र शास्त्र' सहज मिळतं, भाषा जरा पुस्तकी आहे. पंडिता रमाबाईंचं मिळालं तर बघा. त्यांनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलं, केडगावला मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं. साधी बाईमाणसांना कळेल अशी मराठी हवी, हा त्यांचा हट्ट होता.

ओळंबा:
आमोस ७:१० ते १७ दोन आवाजांत वाचा. बेथेलचा याजक अमस्या म्हणतो, हे राजाचं देवस्थान आहे, जा आपल्या यहूदात आणि तिकडे कमवून खा. आमोस म्हणतो, मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी गुराखी.

दुपारचा_चहा:
ठरलं. आमोस पूर्ण, यशया १ आणि ५, यिर्मया ७ नि २६, यहेज्केल १८, हबक्कूकचा पहिला अध्याय. आमच्या गटात वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत. आठवा अध्याय त्यांच्याकडूनच वाचून घेते.