पन्नाशीचा वाढदिवस भूतानमध्ये: मैत्रिणीकडे पासपोर्ट नाही, आणि खर्च मी केलेला तिला चालणार नाही

मिरजेची_लेक

नमस्कार मंडळी. येत्या नोव्हेंबरात माझी बालमैत्रीण आणि मी दोघीही पन्नास पूर्ण करतोय. तिचा वाढदिवस १२ तारखेला, माझा त्याच आठवड्यात. मिरजेत एकाच वाड्यात वाढलो, बालवाडीपासून दहावीपर्यंत एका बाकावर बसलो. मी पुढे शिकून पुण्यात बँकेत लागले. तिचं बारावीनंतर लगेच लग्न झालं, गावातच. सतारमेकर गल्लीच्या जवळ तिची पिठाची गिरणी आहे. नवरा गेल्यापासून ती एकटीच चालवते. त्यावर दोन्ही मुलं शिकवली, मुलीचं लग्न केलं. नरसोबाची वाडी, पंढरपूर, तुळजापूर एवढाच तिचा प्रवास.

लहानपणी आम्ही नकाशात गावं शोधायचा खेळ खेळायचो. एकीने नाव सांगायचं, दुसरीने बोट ठेवायचं. तिचं पहिलं नाव ठरलेलं असे, भूतानची राजधानी थिंफू. मला ते कुठे आहे हे पाठ झालं होतं, तरी ती दर वेळी तेच सांगायची. तिला ते नाव उच्चारायलाच आवडायचं. म्हणून मला सिंगापूर-दुबई नको, तिला थिंफूलाच न्यायचं आहे.

आता अडचणी. तिच्याकडे पासपोर्ट नाही. भूतानला मतदार ओळखपत्र चालतं असं ऐकलं, ते खरं का? तिचं कार्ड आहे, पण जुनं आहे आणि त्यावरचा फोटो पुसट झालाय.

दुसरं, दिवसभर गिरणीत उभं राहून तिचे गुडघे दुखतात. पारोजवळचा तो कड्यावरचा मठ तिला झेपेल का? की तो सोडून दुसरं काही बघावं?

तिसरी अडचण मोठी आहे. तिला हा खर्च परवडणार नाही, मला परवडतो. पण ती माझ्याकडून साडी घेतली तरी पुढच्या दिवाळीला त्याच किमतीची परत करणारी बाई आहे. मी असा विचार केला होता की सगळी तिकिटं काढायची आणि वाढदिवसाच्या थोडं आधी तिच्या हातात द्यायची, म्हणजे तिला नाही म्हणता येणार नाही. कुणी असं केलंय का? मैत्रिणीला कमीपणा न वाटू देता हे कसं करावं?

डोंगरवाट

ताई, कागदपत्रांचं आधी सांगतो. भारतीय नागरिकाला भूतानमध्ये किमान सहा महिने मुदत शिल्लक असलेला पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र चालतं. रस्त्याने जा नाहीतर विमानाने. कार्ड मूळ हवं, मोबाइलमधला फोटो किंवा झेरॉक्स नाही. आधार चालत नाही, पॅन चालत नाही. सीमेवर आधार घेऊन आलेली आणि परत फिरलेली माणसं मी पाहिलीयत. फोटो पुसट असेल तर आजच नमुना ८ भरून नवीन कार्ड मागवा, नोव्हेंबरपर्यंत हातात पडेल. आणि तिकीट अगदी कार्डावरच्याच नावाने काढा. आपल्याकडच्या बायकांच्या एका कागदावर माहेरचं नाव आणि दुसऱ्यावर सासरचं असा घोळ असतो, तो आत्ताच तपासा.

व्हिसा लागत नाही, परवाना लागतो. त्याशिवाय भूतान सरकारचं शाश्वत विकास शुल्क आहे. भारतीयांना सध्या माणशी एका रात्रीचे १२०० रुपये. सहा रात्री राहिलात तर दोघींचे मिळून १४,४०० फक्त याचेच, हॉटेल-गाडी वेगळी. बजेट करताना लोक हे विसरतात. थिंफूच्या पुढे पुनाखा आणि फोबजिखा या खोऱ्यांत जाणार असाल तर अर्ज करतानाच स्पष्ट सांगा. निघण्यापूर्वी त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर नियम एकदा पुन्हा वाचा, मध्यंतरी बरेच बदललेत.

तिथलं चलन ङुल्ट्रम, आपल्या रुपयाच्या बरोबरीचं. आपल्या नोटा बहुतेक ठिकाणी घेतात, शंभराच्या जास्त ठेवा. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास पुढे.

तिखटमीठ

मी तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण मी तुमच्या मैत्रिणीच्या जागेवर होते.

माझी शाळेतली मैत्रीण डॉक्टर झाली. मी बेळगावात घरी शिवणकाम करते. तिच्या पंचेचाळिसाव्या वाढदिवसाला तिने मला श्रीलंकेला नेलं. कँडी, नुवारा एलिया, मग आगगाडीने एल्ला. सगळा खर्च तिचा. जायच्या आधी आमच्यात एक बोलणं झालं म्हणूनच मी गेले, आणि म्हणूनच आजही त्या प्रवासाची आठवण मला सुखाची वाटते. तुम्ही तिकिटं काढून हातात देणार म्हणता, ते कृपा करून करू नका.

नाही म्हणता येऊ नये अशी सोय केली की होय म्हणण्यातला मानही जातो. तिच्या हातात तिकीट पडेल तेव्हा आनंदाच्या आधी तिच्या मनात हिशेब सुरू होईल. हे किती हजारांचं, मी कधी फेडणार, गिरणी बंद राहिली तर गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल, मुलाला काय सांगू. आणि हे सगळं तुमच्या समोर हसऱ्या चेहऱ्याने लपवायचं. माझ्या नणंदेने एकदा मला असंच न विचारता महागाचं काहीतरी दिलं होतं, आणि त्या ओझ्याने मी तिच्याकडे जाणंच कमी केलं.

माझी मैत्रीण घरी आली. चहा झाल्यावर म्हणाली, "मला वाढदिवसाला लंकेला जायचंय. नवऱ्याला सुट्टी नाही आणि मला त्याच्याबरोबर जायचंही नाही, तुझ्याबरोबर जायचंय. एकूण खर्च इतका आहे. तू यातलं काय उचलशील ते तू ठरव. काही नाही म्हणालीस तरी मी नेणार, पण आधी ठरवूया, म्हणजे तिथे रोज पाकीट काढताना आपल्या दोघींना चोरी नको." तिने आकडा लपवला नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं, चांगल्या अर्थाने. ज्याला आपण बरोबरीचं मानतो त्यालाच आकडा सांगतो.

मी रोजचं जेवण आणि चहापाणी उचललं. लंकेत साध्या खानावळीत भात-भाजी-आमटी परवडण्यासारखी मिळते, माझ्या बचतीत बसलं. मग कुठे जेवायचं हे मीच ठरवू लागले आणि ती निमूट माझ्या मागे यायची. पेराडेनियाच्या बागेत तिने आइस्क्रीम मागितलं आणि मी ते घेऊन दिलं, तेव्हा आम्ही सातवीतल्याच दोघी होतो. शिवाय मी तिला प्रवासात घालायला दोन कुडते शिवून दिले. माझ्या हाताला जे येतं ते मी दिलं, तिच्या हाताला जे येतं ते तिने.

तेव्हा ताई, तिच्या घरी जा. फोनवर बोलू नका. आकडा सांगा. आणि तिने जे उचललं ते तुम्हाला कितीही कमी वाटलं तरी "राहू दे गं" म्हणू नका. ते म्हणणं फार टोचतं.

एक राहिलंच. गिरणी बंद किती दिवस राहील, हा प्रश्न तिच्या आधी तुम्ही काढा. तिच्या रोजच्या कमाईचा विचार तुम्ही केलाय हे तिला कळू दे.

हासीमाराचा_पाहुणा

मी नोकरीनिमित्त काही वर्षं उत्तर बंगालात राहिलो, त्यामुळे रस्त्याचं सांगतो. पुण्याहून कोलकात्याला विमानाने किंवा आझाद हिंद एक्सप्रेसने हावड्याला. मग सियालदहून कांचनकन्या एक्सप्रेस रात्री निघते ती दुसऱ्या दिवशी डुआर्सच्या चहामळ्यांतून जंगलातून जात हासीमाराला पोचवते. खिडकी सोडू नका. हासीमाराहून जयगाव जवळच, आणि जयगावच्या पलीकडे फुन्त्शोलिंग, म्हणजे भूतान. एका कमानीच्या अलीकडे हॉर्न, गर्दी, हातगाड्या, आणि पलीकडे एकदम शांतता. पहिल्यांदा देश ओलांडणाऱ्या माणसाने तो पायी ओलांडावा असं मला मनापासून वाटतं. विमानात बसून परदेश कधी सुरू झाला ते कळत नाही.

फुन्त्शोलिंगहून थिंफू दीडशे किलोमीटरच्या आसपास, पण घाट आहे, पाच-सहा तास धरा. वळणं लागत असतील तर गोळी आधी घ्या. येताना पारोहून विमान घेतलंत तर दोन्ही अनुभव होतील. पारोचा विमानतळ डोंगरांच्या खोबणीत आहे, विमान दिवसाउजेडीच उतरतं-उडतं.

कड्यावरचा मठ म्हणजे पारो ताक्त्सांग. गुरू पद्मसंभवांनी आठव्या शतकात तिथल्या गुहेत साधना केली असं मानतात, मठ १६९२ मधला, आणि १९९८ च्या आगीनंतर पुन्हा उभारलेला. उंची ३१२० मीटर. महाबळेश्वर १३५० च्या आसपास आहे, म्हणजे दम लागणारच. चढ-उतार मिळून चार-पाच तास. अर्ध्या वाटेवर उपाहारगृह आहे, तिथपर्यंत घोडा मिळतो. पण घोडा फक्त चढताना, उतरायचं पायीच, आणि गुडघ्याला उतारच बाधतो. पुढे शेवटच्या टप्प्यात सातशेच्या वर पायऱ्या, आधी खाली आणि मग वर.

माझं मत असं की तुमच्या मैत्रिणीने उपाहारगृहापर्यंत जावं. समोर कड्याला चिकटलेला मठ तिथून स्वच्छ दिसतो. फोटोत दिसतो तो देखावा मठात शिरल्यावर दिसतच नाही, आत कॅमेरा-मोबाइलही नेऊ देत नाहीत. पहिल्याच दिवशी मात्र जाऊ नका, दोन-तीन दिवस थिंफूत राहून हवेची सवय झाल्यावर जा.

डोंगरवाट

आणि १२ तारीख म्हणताय तर फोबजिखा सोडू नका! दर वर्षी ११ नोव्हेंबरला तिथल्या गांगते मठाच्या आवारात काळ्या मानेच्या क्रौंचांचा उत्सव असतो. ११ तारीख भूतानच्या चौथ्या राजांचा वाढदिवस, सुट्टीचा दिवस. हे पक्षी ऑक्टोबरअखेरीपासून तिबेटकडून येतात आणि फेब्रुवारीपर्यंत त्या दलदलीच्या खोऱ्यात राहतात. आले की मठाला तीन प्रदक्षिणा घालतात अशी तिथल्या लोकांची श्रद्धा. तारांना धडकून पक्षी मरू नयेत म्हणून त्या खोऱ्यात विजेच्या तारा जमिनीखालून नेल्यात. शाळेची मुलं पक्ष्यांचे वेश करून नाचतात. गुडघ्यांना काही त्रास नाही, सपाट वाटेने फिरायचं. ११ चा उत्सव, मुक्काम तिथेच, आणि १२ ला सकाळी उठल्यावर खोऱ्यात क्रौंच. याहून चांगला वाढदिवस मला सुचत नाही.

जाताना वाटेत दोचुला खिंड लागते, १०८ चोर्तेन, म्हणजे छोटे स्तूप आहेत. हवा स्वच्छ असली तर हिमशिखरांची रांग दिसते, आणि नोव्हेंबरात ती बहुतेक असते. पुनाखाचा झोंग, म्हणजे किल्ल्यासारखा मठ, १६३७-३८ चा, फो छू आणि मो छू या दोन नद्यांच्या संगमावर. कृष्णाकाठच्या माणसांना तिथे बसून राहावंसं वाटेल.

मिरजेची_लेक

सगळ्यांचे आभार. तिखटमीठ ताई, तुमचं उत्तर मी पुन्हा पुन्हा वाचलं आणि शनिवारी मिरजेला गेले.

गिरणीतच बोललो, दुपारी, दळण नसताना. तुम्ही सांगितलंत तसा आकडा सांगितला. ती बराच वेळ पट्ट्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, "थिंफू खरंच आहे होय गं?" आणि आम्ही दोघी रडलो.

नंतर तिने कागद घेतला आणि स्वतः हिशेब मांडला. तिचं शाश्वत विकास शुल्क ती भरणार. सरकारचा कर दुसऱ्याने भरलेला तिला चालत नाही. दोघींचं जेवणखाण तिच्याकडे. जाताना रेल्वेच ठरली, कारण तिला कमान पायी ओलांडायची आहे, पाहुणे साहेबांनी लिहिलेलं मी तिला वाचून दाखवलं. येताना विमान, ते माझ्याकडे. हॉटेल आणि गाडीही माझ्याकडे. मी एकदाही "राहू दे" म्हणाले नाही.

गिरणीचं तिचा भाचा बघणार आहे. दिवाळीच्या भाजणीची गर्दी उरकलेली असेल, त्यामुळे गिऱ्हाइकाची चिंता नाही. भाजणीचे डबे मात्र ती बरोबर घेणार म्हणते. नमुना ८ तिच्या मुलाने तिथेच बसून भरला.

ताक्त्सांग उपाहारगृहापर्यंतच, हे तिला लगेच पटलं. पण क्रौंचांचं ऐकल्यावर म्हणाली, ते आधी. तेव्हा ११ आणि १२ फोबजिखा पक्कं. तिथे थंडी किती असते आणि शाकाहारी जेवण मिळेल का, एवढं सांगा. ती मांस-अंडं खात नाही.

डोंगरवाट

फार आनंद झाला वाचून. फोबजिखा तीन हजार मीटरवर आहे, नोव्हेंबरात रात्री पारा शून्याच्या जवळ जातो. लोकरीचे मोजे, कानटोपी, आतून घालायचे गरम कपडे दोघींचेही घ्या. मुक्कामाच्या घरात बुखारी आहे ना ते बुकिंग करताना विचारा, म्हणजे लाकडाची शेगडी. जेवणाची काळजी नको. त्या खोऱ्यात बटाटा भरपूर पिकतो, केवा दात्शी म्हणजे बटाटा आणि चीज, शामू दात्शी म्हणजे अळंबी आणि चीज, सोबत लाल भात. एमा दात्शीत मिरची हीच भाजी असते, मिरजेच्या माणसांना चालेल. सूपमध्ये वाळवलेलं मांस घालायची पद्धत आहे, म्हणून ऑर्डर देताना प्रत्येक ठिकाणी आधी सांगा. ११ च्या आसपास घरगुती मुक्काम लवकर भरतात, तेव्हा या आठवड्यातच बुक करा.

तिखटमीठ

जाताना अंगाच्या मापाचा कागद मला व्यक्तिगत निरोपात पाठवा, दोघींचाही. आतून कापूस घातलेली जाकिटं शिवून पाठवते. कापडाचे पैसे घेईन, शिलाई नाही.